प्रशिक्षणामुळेच मिळकत वाढली का? कार्यकारणाच्या प्रश्नासाठी संख्यात्मक संशोधनाचा आराखडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका व्यवसाय-प्रशिक्षण योजनेचा मिळकतीवर काय प्रभाव पडतो हे शोधण्यासाठी आपण १,२०० जणांची एकवेळची पाहणी केली. त्यांपैकी ४०० जणांनी प्रशिक्षण घेतले होते, ८०० जणांनी घेतले नव्हते. वय, लिंग, शिक्षण, पालकांचा व्यवसाय, सध्याचा व्यवसाय, कामाचे तास असे एकूण चौदा चल (मोजलेले घटक) नियंत्रित करून, म्हणजे स्थिर धरून, केलेल्या रिग्रेशनमध्ये प्रशिक्षणाचा सहगुणक (प्रशिक्षणाशी निगडित मिळकतीतील फरक) धन आणि सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा, आला. तरीही परीक्षकांनी ‘हा केवळ सहसंबंध आहे’ असा शेरा दिला. आता आणखी कोणते चल घालावेत किंवा कोणती प्रगत पद्धत वापरावी, म्हणजे निष्कर्ष कार्यकारणाचा ठरेल, असे आपण विचारले आहे.

परीक्षकांचा शेरा योग्य आहे. त्यावरचा उपाय विश्लेषणाच्या टप्प्यावर सापडेल, ही अपेक्षा मात्र योग्य नाही. कार्यकारणाचा दावा किती भक्कम ठरणार हे बहुतांशी विदा (डेटा) गोळा होण्यापूर्वीच ठरून गेलेले असते, आणि ते एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते: ज्यांना प्रशिक्षण मिळाले त्यांनाच ते का मिळाले, आणि इतरांना का मिळाले नाही? पुढे मी याला ‘वाटपाची प्रक्रिया’ म्हणेन. ही प्रक्रिया नीट ठाऊक असेल आणि ती अनुकूल असेल, तर दोन सरासरींची साधी वजाबाकीही पुरते. ती ठाऊक नसेल, तर संगणकावर कितीही गुंतागुंतीचे प्रारूप (मॉडेल) चालवले तरी मूळ शंका जागच्या जागी राहते.

प्रक्रियेकडे वळण्यापूर्वी प्रश्नच नेमका करून घेऊ. एखाद्या व्यक्तीवरील प्रशिक्षणाचा प्रभाव म्हणजे तिने प्रशिक्षण घेतल्यास तिची जी मिळकत असेल आणि न घेतल्यास जी असेल, या दोहोंतील फरक. ‘संभाव्य परिणामां’ची ही भाषा जर्झी नेमन यांनी १९२३ मध्ये शेतीवरील प्रयोगांसाठी वापरली आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ मध्ये ती प्रयोगाबाहेरच्या अभ्यासांनाही लागू केली. एका व्यक्तीच्या बाबतीत या दोन मिळकतींपैकी एकच प्रत्यक्ष दिसते. दुसरी कधीच दिसत नाही. पॉल हॉलंड यांनी १९८६ मध्ये यालाच कार्यकारण-अनुमानाची मूलभूत अडचण म्हटले. म्हणून आपले ८०० जण हे मुळात ‘प्रशिक्षण न घेतलेले लोक’ म्हणून महत्त्वाचे नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्या ४०० जणांनी ते घेतले नसते तर त्यांचे काय झाले असते, याची जागा ते भरून काढू शकतात की नाही, एवढ्याच कारणासाठी ते महत्त्वाचे आहेत.

या व्याख्येतून काही बोचरे उपप्रश्न निघतात. ‘न घेतल्यास’ म्हणजे काय केले असते? घरी बसले असते, लगेच मिळेल ते काम धरले असते, की दुसऱ्या संस्थेत तसलाच अभ्यासक्रम केला असता? आपल्या ८०० जणांपैकी काहींनी अन्यत्र प्रशिक्षण घेतले असेल, तर तुलना ‘प्रशिक्षण विरुद्ध काहीच नाही’ अशी राहतच नाही. मिळकत कधीची? प्रशिक्षणाच्या काळात माणूस कामापासून दूर असतो; त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत प्रभाव ऋण आणि दोन वर्षांनी धन असणे पूर्णपणे शक्य आहे, आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. प्रभाव कोणावर? ज्यांनी प्रशिक्षण घेतले त्यांच्यावरील सरासरी प्रभाव आणि सर्व पात्र व्यक्तींवरील सरासरी प्रभाव या वेगळ्या राशी आहेत. योजना बंद करावी का, या प्रश्नाला पहिली लागते. ती सर्वांना सक्तीची करावी का, या प्रश्नाला दुसरी. आपल्या आराखड्यात ‘प्रशिक्षणाचा प्रभाव अभ्यासणे’ असे उद्दिष्ट लिहिले आहे. त्याऐवजी कोणाच्या, कशाशी तुलना करून, किती काळानंतरच्या, कोणत्या परिणामाबद्दल आपण बोलत आहात, हे सर्व एका वाक्यात बसले पाहिजे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर प्रश्नावली तयार करण्याची वेळ अजून आलेली नाही.

‘पुरेसे चल घातले की काम भागते’ या समजुतीची कसोटी याच विषयावर, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणावर, फार पूर्वी झालेली आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. त्यात तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले, शाळा अर्धवट सोडलेले अशा लोकांना ठरावीक काळ देखरेखीखाली काम दिले जात असे, आणि पात्र अर्जदारांतून निवड सोडतीने होत असे. सोडत असल्यामुळे खरा प्रभाव बऱ्यापैकी ठाऊक होता. रॉबर्ट लालाँड यांनी १९८६ मध्ये या प्रयोगातील नियंत्रण गट मुद्दाम बाजूला ठेवला, त्याच्या जागी राष्ट्रीय पाहण्यांतील सामान्य लोक घेतले, आणि त्या काळी प्रचलित असलेल्या अर्थमितीच्या (आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणाच्या) पद्धती वापरून प्रयोगाचे उत्तर परत मिळते का ते पाहिले. उत्तरे पद्धतीगणिक बदलत गेली आणि अनेकदा चिन्हासकट चुकली.

आकडे पाहिले म्हणजे कारण कळते. राजीव देहेजिया आणि सादेक वाहबा यांनी १९९९ मध्ये याच विदातील ज्या पुरुषांचा उपसंच वापरला, त्यात सोडतीने निवडलेले १८५ आणि न निवडलेले २६० जण होते. त्यांच्या १९७८ च्या वार्षिक मिळकतीतील फरक सुमारे १,७९४ डॉलर होता. त्याच १८५ जणांची तुलना राष्ट्रीय पाहणीतील २,४९० पुरुषांशी केली, तर फरक उणे १५,२०५ डॉलर येतो, म्हणजे प्रशिक्षणाने माणूस कंगाल होतो असा निष्कर्ष निघावा! गंमत अशी की प्रशिक्षणापूर्वीच, १९७४ मध्ये, पहिल्या गटाची सरासरी मिळकत सुमारे २,१०० डॉलर होती आणि दुसऱ्याची सुमारे १९,४००. हे दोन गट एकाच बाजारातले म्हणावेत असेही नव्हते. देहेजिया आणि वाहबा यांनी सहभागाच्या संभाव्यतेनुसार जोड्या जुळवून प्रयोगाच्या जवळ जाणारे उत्तर काढून दाखवले. पण जेफ्री स्मिथ आणि पेट्रा टॉड यांनी २००५ मध्ये दाखवले की नमुन्याची निवड आणि प्रारूपाची मांडणी जराशी बदलली की ते यश टिकत नाही. जोड्या जुळवण्याची पद्धत म्हणूनच मी टाकाऊ मानत नाही, पण तिला रिग्रेशनपेक्षा वरचा दर्जाही देत नाही. दोन्ही पद्धती एकाच गृहीतावर उभ्या आहेत: निवडीवर परिणाम करणारे सर्व महत्त्वाचे घटक आपण मोजले आहेत.

आपल्या बाबतीत हे गृहीत का डळमळीत आहे, याचे उत्तर ऑर्ली अॅशेनफेल्टर यांच्या १९७८ च्या निरीक्षणात आहे. प्रशिक्षणात येणाऱ्यांची मिळकत प्रशिक्षणाच्या आदल्या काळात घसरलेली असते, कारण नोकरी गेली किंवा काम घटले म्हणूनच माणूस प्रशिक्षणाकडे वळतो. ही घसरण तात्पुरती असेल, तर प्रशिक्षण नसतानाही मिळकत वर आलीच असती, आणि ती सगळी वाढ आपण प्रशिक्षणाच्या खात्यात जमा करतो. उलट, जिद्द, ओळखी, घरच्यांचा आधार यांमुळे काही जण आधीपासूनच चढत्या मार्गावर असतात आणि तेच प्रशिक्षणालाही येतात. आपल्या चौदा चलांत प्रशिक्षणापूर्वीच्या मिळकतीचा इतिहास नाही. एकच चल वाढवण्याची मुभा असती, तर मी बाकी सर्व सोडून तोच मागितला असता, आणि तोही एका वर्षाचा नव्हे, तर शक्य तितक्या मागच्या काळांचा.

आपल्या यादीत दोन चल असे आहेत की ते काढलेच पाहिजेत: ‘सध्याचा व्यवसाय’ आणि ‘कामाचे तास’. हे प्रशिक्षणानंतर ठरलेले आहेत. प्रशिक्षणामुळे चांगला व्यवसाय मिळाला आणि त्यामुळे मिळकत वाढली, असा मार्ग असेल, तर व्यवसाय स्थिर धरून आपण त्याच मार्गावर बांध घातला. चल अधिक म्हणजे तुलना अधिक न्याय्य, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. बर्कले विद्यापीठातील १९७३ च्या प्रवेशांचे उदाहरण बहुतेकांनी ऐकलेले असते: एकूण अर्जदारांत पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला, पण विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा कल जवळजवळ नाहीसा झाला, कारण स्त्रियांचे अर्ज अधिक कठीण प्रवेशाच्या विभागांत जास्त होते. हे उदाहरण सहसा ‘विभाग नियंत्रित करा’ असे शिकवण्यासाठी दिले जाते. पण विभागाची निवड हीच जर आधीच्या भेदभावाचा परिणाम असेल, तर तो चल नियंत्रित करणे म्हणजे शोधायची गोष्टच पुसून टाकणे होय. कोणते उत्तर बरोबर, हे आकडे सांगत नाहीत. प्रवेश-समितीचे वर्तन शोधायचे आहे की संपूर्ण व्यवस्थेतील विषमता, यावर ते ठरते.

याच जातीचा आणखी सूक्ष्म दोष नमुन्याच्या मर्यादेत दडतो. पाहणीच्या वेळी कामावर असलेल्यांचीच मिळकत आपण विश्लेषणात घेतली आहे. कामावर असणे हे प्रशिक्षणावरही अवलंबून आहे आणि न मोजलेल्या जिद्दीवरही. प्रशिक्षण न घेता जे कामाला लागले ते कदाचित विशेष होतकरू असतील. प्रशिक्षणामुळे जे जेमतेम कामाला लागले ते तसे नसतील. म्हणजे मूळ वाटप सोडतीने झाले असते, तरी केवळ कामावर असलेल्यांची तुलना बिघडलेलीच असती. डेव्हिड ली यांनी २००९ मध्ये ‘जॉब कोर’ या प्रशिक्षण योजनेच्या यादृच्छिक (सोडतीने वाटप केलेल्या) प्रयोगातील वेतनांवर याच अडचणीचा उपाय मांडला: एकच आकडा सांगण्याऐवजी प्रभावाच्या खालच्या आणि वरच्या मर्यादा काढायच्या. आपल्याला सोपा मार्ग उपलब्ध आहे: काम नसलेल्यांची मिळकत शून्य धरून सर्व १,२०० जण विश्लेषणात ठेवावेत आणि प्रश्न ‘वेतनदरा’चा नसून ‘एकूण मिळकती’चा आहे, असे स्पष्ट लिहावे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे वाटपाची प्रक्रिया. माझ्या एका जुन्या अभ्यासात मी कित्येक महिने प्रारूपे बदलत बसलो होतो. शेवटी केंद्रावर जाऊन यादी तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोललो, तेव्हा कळले की जागा कमी पडल्या की ओळखीच्या अर्जदारांना झुकते माप मिळत असे आणि उरलेल्या जागा अर्जाच्या क्रमाने भरल्या जात. पहिला भाग माझ्या विश्लेषणासाठी मारक होता, दुसरा कदाचित तारक ठरला असता. पण अर्जांची यादी तोवर रद्दीत गेली होती. तेव्हापासून प्रश्नावलीच्या आधी नोंदवही पाहण्याची सवय लागली.

जागांपेक्षा अर्ज जास्त असतील आणि निवड सोडतीने होत असेल किंवा तशी करवून घेता येत असेल, तर त्याहून चांगले काही नाही. निवडलेले आणि न निवडलेले यांच्यात योगायोगापलीकडे फरक नसतो, मोजलेल्या बाबींत आणि न मोजलेल्या बाबींतही. इथे एक पथ्य पाळावेच लागते: तुलना सोडतीत नाव आलेले आणि न आलेले यांची करायची, प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांची नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये गरिबांसाठीच्या आरोग्यविम्याच्या मर्यादित जागा सोडतीने दिल्या, तेव्हा प्रतीक्षायादीत सुमारे ९०,००० जण होते. पण ज्यांची नावे निघाली त्यांच्यापैकी साधारण ३० टक्केच अखेर योजनेत दाखल झाले, कारण काहींनी अर्जच पुरा केला नाही आणि काही अपात्र ठरले. दाखल झालेल्यांनाच वेगळे काढले असते, तर सोडतीचा सगळा फायदा वाया गेला असता. संशोधकांनी सोडतीतील सर्वांची तुलना केली, आणि सोडतीमुळे विमाधारकांचे प्रमाण सुमारे २५ टक्के-बिंदूंनी वाढले, हे लक्षात घेऊन विम्याचा प्रभाव काढला. असे उत्तर सर्वांसाठी नसते. ज्यांचा सहभाग सोडतीमुळे बदलला त्यांच्यापुरतेच असते. गिडो इम्बेन्स आणि जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९४ मध्ये ही मर्यादा काटेकोरपणे मांडली.

सोडत नसेल, पण पात्रता-परीक्षेतील गुणांची रेषा असेल, तर तीही मोठी संधी आहे. रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या उमेदवारांत फारसा फरक नसतो, पण वाटप मात्र एकदम बदलते. डोनाल्ड थिसलथवेट आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये गुणवत्ता-पुरस्कारांच्या अभ्यासात ही युक्ती प्रथम वापरली. तिचा शत्रू म्हणजे रेषेवर होणारी ढकलाढकली. परीक्षक दोन गुण वाढवून एखाद्याला पार करत असतील, तर रेषेच्या लगेच वर अर्जदारांची अनैसर्गिक गर्दी दिसते. जस्टिन मॅकक्रेरी यांची २००८ ची चाचणी हीच गर्दी तपासते. मी मात्र चाचणीच्या आधी गुणांचा साधा स्तंभालेख डोळ्यांनी पाहतो. तिथे खड्डा आणि लगेच टेकडी दिसली, तर पुढची मेहनत वाचते.

योजना काही भागांत आधी आणि काही भागांत नंतर सुरू झाली असेल, तर आधीच्या व नंतरच्या बदलांची दोन भागांत तुलना करता येते. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांचा १९९४ चा अभ्यास याचे ठळक उदाहरण आहे: न्यू जर्सीत १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झाले नाही. दोन्हीकडच्या ४१० फास्ट-फूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि नंतर पाहणी केली गेली, आणि रोजगार घटल्याचे दिसले नाही. या आराखड्याचा सगळा भार एका गृहीतावर आहे: बदल झाला नसता, तर दोन्ही भागांतील कल समांतर चालले असते. हे थेट सिद्ध करता येत नाही. आधीच्या अनेक वर्षांचे कल समांतर दिसले तर विश्वास वाढतो. पण ‘आधीच्या कलांत लक्षणीय फरक आढळला नाही’ या वाक्यावर फार विसंबू नये, कारण लहान नमुन्यात ही चाचणी खरा फरकही पकडू शकत नाही. प्रमाण त्रुटींबाबत (अंदाजातील अनिश्चिततेच्या मापाबाबत) तर निष्काळजीपणा सर्रास आढळतो. मारियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकी राज्यांच्या वेतनांच्या विदावर काल्पनिक, मुळात कधी न झालेले कायदे लादून पाहिले. एकाच राज्यातील लागोपाठच्या वर्षांचा परस्परसंबंध दुर्लक्षिल्यास ५ टक्के पातळीवर ‘लक्षणीय प्रभाव’ ४५ टक्क्यांपर्यंत वेळा सापडला. आणि भाग एकामागून एक वेगवेगळ्या वर्षी योजनेत येत असतील, तर नेहमीचे दुहेरी-स्थिर-प्रभाव रिग्रेशन (प्रत्येक भागाचे आणि प्रत्येक वर्षाचे कायमचे फरक वेगळे काढणारे) आधी आलेल्यांनाच नंतर आलेल्यांच्या तुलनेसाठी वापरते. अँड्र्यू गुडमन-बेकन यांच्या २०२१ च्या विश्लेषणानंतर हे दुर्लक्षून चालत नाही.

आपण टिपणात ‘प्रशिक्षण केंद्रापासूनचे अंतर’ हे साधन चल (सहभागात बाहेरून फरक घडवणारा घटक) म्हणून वापरण्याचा विचार मांडला आहे. त्याबद्दल मी साशंक आहे. साधन चलाने सहभाग बदलला पाहिजे, आणि मिळकतीवर त्याचा अन्य कोणताही मार्ग असता कामा नये. केंद्रे बाजारपेठेजवळ असतात. बाजारपेठेजवळ राहणाऱ्याला काम मिळण्याची शक्यता प्रशिक्षणाविनाही जास्त असते. म्हणजे दुसरी अट सुरुवातीलाच मोडते. पहिली अट दुबळी असेल, तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे: जन्माची तिमाही शिक्षणासाठी साधन म्हणून वापरणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासाच्या संदर्भात जॉन बाउंड, डेव्हिड जेगर आणि रेजिना बेकर यांनी १९९५ मध्ये खऱ्या तिमाहीच्या जागी संगणकाने मनमानी तिमाह्या भरल्या, तरी तीन लाखांहून अधिक निरीक्षणांत दिसायला व्यवस्थित, विश्वासार्ह वाटणारी उत्तरे आली! चांगली साधने असतात, पण ती बहुधा कोणीतरी खरोखर सोडत काढली म्हणून असतात. व्हिएतनाम युद्धातील सैन्यभरतीची जन्मतारखांवरील सोडत वापरून अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये लष्करी सेवेचा नंतरच्या मिळकतीवरील परिणाम काढला, तो असाच.

नमुना किती मोठा असावा, याचे गणित आधी करावे लागते, आणि ते दिसते तितके अवघड नाही. दोन समान गट, ५ टक्के पातळी (प्रभाव नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (प्रभाव असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरले, तर ०.२ प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे मिळकतींच्या विखुरण्याचे माप) प्रभाव पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ३९० जण लागतात. या हिशेबाने १,२०० पुष्कळ वाटतात. पण वाटप व्यक्तिगणिक न होता केंद्रागणिक झाले असेल, तर एका केंद्रातील लोक परस्परांसारखे असल्यामुळे प्रत्येक जादा व्यक्ती पूर्ण नवी माहिती देत नाही. ४० केंद्रांतून प्रत्येकी ३० जण घेतले आणि केंद्रांतर्गत सहसंबंध (एका केंद्रातील लोकांच्या सारखेपणाचे माप) ०.०५ असला, तर अंदाजाचे विचरण (प्रमाण त्रुटीचा वर्ग) १ + २९ × ०.०५, म्हणजे २.४५ पट फुगते, आणि १,२०० जण जेमतेम ४९० जणांच्या किमतीचे उरतात. सहसंबंध ०.१५ झाला तर सुमारे २२५. अशा वेळी प्रत्येक केंद्रातील माणसे वाढवण्यापेक्षा केंद्रे वाढवणे लाभाचे असते. शिवाय सोडतीत नाव आलेल्यांपैकी निम्मेच प्रत्यक्ष येणार असतील, तर तोच प्रभाव पकडायला नमुना चौपट लागतो, ही गोष्ट निधी मागताना हटकून विसरली जाते.

आणखी एक अडचण आकड्यांच्या पलीकडची आहे. प्रशिक्षित व्यक्तीला मिळालेली नोकरी दुसऱ्या कोणाच्या हातून निसटलेली असू शकते. मग आपला नियंत्रण गटच योजनेमुळे खाली ढकलला जातो आणि प्रभाव फुगलेला दिसतो. ब्रुनो क्रेपों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये सुशिक्षित तरुण बेरोजगारांना नोकरी शोधण्यास मदत देणाऱ्या योजनेचा अभ्यास दोन पायऱ्यांच्या सोडतीने केला. २०१३ मध्ये प्रकाशित झालेल्या या प्रयोगात २३५ क्षेत्रांपैकी कुठे ० टक्के, कुठे २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के पात्र तरुणांना मदत देऊ केली गेली, आणि मग प्रत्येक क्षेत्रात व्यक्तींची सोडत झाली. लाभार्थ्यांना झालेला फायदा अंशतः त्याच क्षेत्रातील इतरांच्या नुकसानीतून आल्याचे त्यातून दिसले. एका पायरीच्या सोडतीत हे कधीच दिसले नसते. आपल्या अभ्यासात अशी रचना शक्य नसेल, तरी प्रशिक्षितांचे प्रमाण ज्या भागांत जास्त आहे, तिथे न-प्रशिक्षितांची स्थिती वेगळी आहे का, एवढे तरी पाहता येईल.

गळतीबद्दल थोडेच सांगतो. काम मिळालेला माणूस स्थलांतर करतो आणि पुढच्या फेरीत सापडत नाही. दोन्ही गटांतील गळतीचे प्रमाण सारखे असले, तरी गळणारे लोक सारखे असतीलच असे नाही. म्हणून पहिल्याच भेटीत संपर्काचे दोन-तीन पर्यायी मार्ग लिहून घ्यावेत, आणि पहिल्या फेरीसाठीच्या खर्चातून काही रक्कम न सापडणाऱ्यांच्या शोधासाठी राखून ठेवावी.

मुख्य परिणाम, मुख्य तुलना आणि उपगट कोणते, हे विदा पाहण्यापूर्वी तारीखवार लिहून ठेवावे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची यादृच्छिक प्रयोगांची नोंदणी २०१३ पासून त्यासाठीच आहे. आणि निरीक्षणात्मक (सोडतीविना, नुसत्या पाहणीतून आलेल्या) विदावरच काम भागवायचे असेल, तर ‘अज्ञात घटक असू शकतात’ अशा मोघम कबुलीऐवजी, निष्कर्ष उलटवायला तो अज्ञात घटक किती बलवान असावा लागेल, हे मोजून सांगावे. जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये धूम्रपानाबाबत हाच युक्तिवाद केला होता: धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नऊपट असेल आणि त्याचे खरे कारण एखादा न मोजलेला घटक असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट जास्त आढळला पाहिजे. तसा घटक कोणी दाखवू शकले नाही. सोडतीविना कार्यकारणाचा दावा किती मजबूत होऊ शकतो, याचा तो उत्तम नमुना आहे. मात्र नऊपट प्रभाव सामाजिक शास्त्रांत क्वचितच भेटतो, आणि आपल्या सहगुणकाचा आकार पाहता तो एखाद्या मध्यम बळाच्या घटकानेही पुसला जाईल, असे मला वाटते.

मग हातातल्या १,२०० नोंदींचे काय? प्रशिक्षणात कोण येते आणि कोण येत नाही, हे त्यांतून चांगले मांडता येईल. प्रबंधातील पहिले प्रकरण त्यावर उभे राहू शकते, फक्त त्यात ‘प्रभाव’, ‘परिणामस्वरूप’, ‘वाढवते’ अशी क्रियापदे आणि शब्द येऊ देऊ नयेत. कार्यकारणाच्या प्रकरणासाठी केंद्रांकडून मागील काही तुकड्यांच्या सर्व अर्जदारांची यादी मागावी, निवड न झालेल्यांसकट. त्यात अर्जाची तारीख, पात्रता-परीक्षेचे गुण आणि नाकारण्याचे कारण, असे तीन रकाने आहेत का ते आधी पाहावे. गुण असतील आणि रेषा पाळली गेली असेल, तर रेषेजवळच्या उमेदवारांचीच नव्याने पाहणी करावी. नमुना लहान होईल, पण तुलना सांगता येण्याजोगी होईल. रकाने नसतील, तर येत्या तुकडीत जागांपेक्षा अर्ज जास्त येतील तेव्हा उरलेल्या जागांसाठी सोडत काढण्यास केंद्रे तयार आहेत का, हे विचारावे. ओळखीने जागा देण्यापेक्षा सोडत अर्जदारांनाही अधिक न्याय्य वाटते, आणि व्यवस्थापकांना हा मुद्दा पटवणे अनेकदा वाटते त्याहून सोपे जाते.